चावीवाल्याचे कान

त्या गावात माणसं बोलता बोलता मध्येच थांबत. वाक्य अर्धं असलं तरी थांबत. क्वार्टरांच्या तीन रांगा रुळांपासून जेमतेम चाळीस पावलांवर होत्या. मालगाडी निघाली की खिडक्यांची तावदानं थडथडत, फळीवरचे पेले एकमेकांना लागत आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. मग सांगणारा उघडं तोंड तसंच ठेवून थांबे, ऐकणारा त्याच्या तोंडाकडे बघत थांबे, आणि शेवटचा डबा गेला की "तर मी त्याला म्हटलं" करत बोलणं तुटलं तिथून जोडलं जाई. सोयरीक ठरवताना, भांडताना, रडतानासुद्धा हेच. नवखा पाहुणा आला की तेवढा एकटा बोलत राही आणि गाडी गेल्यावर सगळे त्याला हसत.

म्हणूनच चावीवाल्याच्या बायकोच्या, चावीवालिणीच्या, ते लक्षात आलं.

सकाळचा चहा चालला होता. चावीवाला मुकादमाच्या नव्या बुटांविषयी काहीतरी सांगत होता. तेवढ्यात कोळशाची गाडी आली. ती बशी हातात धरून थांबली. चावीवाला मात्र बोलतच राहिला. त्याचे ओठ हलत होते, हात हवेत बुटाचा आकार काढत होता, मध्येच तो हसलाही. छत्तीस वर्षं या गावात काढलेला माणूस पाहुण्यासारखा गाडीच्या आवाजात बोलत होता. गाडी गेली तेव्हा तो म्हणत होता, "...आणि चालतो कसा, तर नव्या नवरीसारखा! हसत का नाहीस?"

ती हसली. काय सांगणार?

त्या दिवसापासून ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. त्याची पाठ असताना तिनं मुद्दाम पितळी डबा खाली टाकला. शेजारची पोर्टरीण धावत आली, हा आपला दाढीच करत होता. मुलीचा फोन आला तर "बरं बरं, हो हो, तुझ्या आईशी बोल" म्हणून तो फोन हातात द्यायचा. आधी तिला वाटे, लेकीवर रुसलाय. आता कळलं, रुसवाफुगवा काही नव्हता. पोरगी काय बोलते तेच त्याला कळत नव्हतं.

त्यालाही हे ठाऊक होतं. पण तो बोलत नव्हता आणि तीही बोलत नव्हती.

चावीवाल्याचं काम तसं बघायला साधं. रूळ ज्या पोलादी पाचरींनी खालच्या आडव्या स्लीपरला घट्ट धरलेले असतात त्यांना चाव्या म्हणत. रोज सकाळी उजाडलं की खांद्यावर हातोडा, कमरेला पाना, पिशवीत दोन झेंड्या आणि पाचसहा जादा चाव्या घेऊन निघायचं. पाच किलोमीटर एका रुळाच्या कडेनं जायचं, पाच किलोमीटर दुसऱ्याच्या कडेनं यायचं. चावी सैल दिसली की ठोकायची, सांध्याचा बोल्ट ढिला झाला असेल तर आवळायचा. एकेकाळी गावात चारशे माणसं कामाला होती. भोंगा झाला की रस्ता माणसांनी काळा होई. आता लोकोशेडमध्ये पारवे घुमत, इंजिनं फिरवायच्या गोल खड्ड्यात शेळ्या चरत, आणि वाफेचं एक जुनं इंजिन रंगरंगोटी करून स्टेशनसमोर उभं केलं होतं. लांबून माणसं येत, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढत आणि पुढच्या गाडीनं परत जात. पण गाड्या होत्या, थोड्या का होईना, म्हणून रूळ होते. रूळ होते म्हणून चावीवाला होता. त्याच्या नोकरीची अजून दीड वर्षं उरली होती.

नोकरीपेक्षा त्याला भीती वेगळ्याच गोष्टीची होती. दोन वर्षांपूर्वी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधल्या एका म्हाताऱ्याचा पाय अधू झाला तेव्हा त्याला 'हलकं काम' म्हणून साहेबांच्या दाराशी स्टुलावर बसवलं होतं. घंटा वाजली की उठायचं, पाणी द्यायचं, परत बसायचं. ज्यानं मणाचे रूळ खांद्यावर वाहिले तो माणूस ट्रेमध्ये ग्लास घेऊन उभा असे. चावीवाला त्या दारावरून जाताना मान वळवून घेई.

मग धुक्याचे दिवस आले.

त्या भागात धुकं पडलं की आठ आठ दिवस उठत नसे. सकाळी दार उघडलं तर समोरचा नळ दिसत नसे, त्याच्या ठिबकण्यावरून तो तिथं आहे एवढं कळे. अशा दिवसांत रुळावर चालणाऱ्याला डोळ्यांचा उपयोग नाही. कानच सगळं काम करतात. गाडी दिसते तेव्हा ती वीस पावलांवर आलेली असते.

पहिल्या धुक्याच्या सकाळी तो बूट घालत असताना ती समोर येऊन उभी राहिली. तिच्या अंगात त्याचा जुना स्वेटर होता, डोक्याला रुमाल, हातात विळा.

"कुठं निघालीस?"

तिनं त्याच्या डोळ्यांसमोर तोंड आणून, ओठ नीट हलवत सांगितलं, "लाइनीच्या कडेला गवत आहे. शेळ्यांना आणते."

"शेळ्यांना खड्ड्यात काय कमी आहे?"

"खड्ड्यातलं वाळलं."

त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं. मग विळ्याकडे. "माझ्यामागे शेपटासारखी येऊ नकोस," तो म्हणाला आणि निघाला. ती त्याच्यामागून निघाली.

पहिले दोन दिवस ती वीसेक पावलं मागे राहिली. तिसऱ्या दिवशी रुळाखालच्या मोरीच्या अलीकडे तिला मागून मालगाडीची घरघर ऐकू आली. तो रुळांच्या मधोमध वाकून एका चावीकडे बघत होता. तिनं हाका मारल्या. तो वाकलेलाच. तिनं एक खडी उचलून फेकली ती नेमकी त्याच्या पाठीत बसली. तो चवताळून वळला, तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता बाजूच्या उतारावर उडी मारून उभा राहिला. गाडी यायला बराच अवकाश होता. ते दोघं दवानं ओल्या गवतात उभे राहिले, गाडी आली, गेली.

"लागली का?" तिनं विचारलं.

"काय?"

तिनं पाठीकडे बोट दाखवलं.

"नेम चांगला आहे तुझा," तो म्हणाला आणि हातोडा उचलून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा गाळेपर्यंत तो माळ्यावर काहीतरी शोधत होता. खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात कपडे वाळत घालायची जुनी सुती दोरी होती. एक टोक त्यानं स्वतःच्या कमरपट्ट्याला बांधलं आणि दुसरं, तिच्याकडे न बघता, तिच्या हातावर ठेवलं.

"एकदा ओढलीस की थांबेन. दोनदा ओढलीस की लाइनीवरून उतरेन," तो म्हणाला. "आणि हे गावात कुणाला..."

"माझ्या तोंडाला कुलूप," ती म्हणाली. हे त्याला ऐकू आलं नाही, पण कळलं असावं.

तसे ते रोज जाऊ लागले. पुढे तो, मध्ये दहा हात दोरी, मागे ती. धुक्यात तिला त्याची पाठ फिकी दिसे, कधी दिसतच नसे, नुसती दोरी हातात हलकी होई नि ताठ होई. सिग्नलच्या केबिनखालून जाताना ती दोरी मुठीत गोळा करून घेई. तरी एकदा केबिनवाल्यानं वरून बघितलंच.

"काय दादा, वहिनींनी वेसण घातली वाटतं!" तो खिडकीतून ओरडला.

चावीवाल्यानं वर बघून हात केला. त्याला वाटलं, रामराम केला असेल. मागे तिला मात्र ते नीट ऐकू आलं होतं. केबिनवाला हसत खिडकीतून आत गेला. तिनं दोरी दोन वेढे जास्त गुंडाळली आणि चालत राहिली.

चालून चालून तिच्या पायांना खडीची सवय झाली. आधी पोटऱ्या ताठून येत, संध्याकाळी पाय गरम पाण्यात घालून बसावं लागे. मग जमलं. आणि पायांसोबत कानांनाही सवय झाली. चावीवाला प्रत्येक सांध्याशी थांबून हातोड्याची टिचकी मारी, तसा आवाज तिच्या कानात भरे. तिनं एकदा विचारलं, "तुम्हाला हे ऐकू येतं?"

"नाही," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं ते कबूल केलं, आणि असं, की जणू आज थंडी फार आहे म्हणतोय. "दांड्यातून हाताला कळतं. घट्ट चावी हात परत फेकते. सैल असली की हात तिथंच बसतो. तुला काय ऐकू येतं?"

ती विचारात पडली. "काही ठण्ण म्हणतात. काही ठक्क."

"ठक्क म्हणाली की मला ओढ."

तेव्हापासून ती ओढू लागली. दहापैकी नऊ वेळा त्याच्या हाताला आधीच कळलेलं असे. मग तो नुसती मान हलवी. दहाव्या वेळी तो परत फिरे, चावी हलवून बघे, दोन घाव घाली आणि तिच्याकडे न बघता पुढे जाई. त्या दहाव्या वेळेचं तिला सुख वाटे आणि भीतीही वाटे.

तीन आठवडे झाले असतील. त्या सकाळी थंडी अशी होती की हातोड्याच्या लोखंडाला बोट लागलं तर चटका बसत होता. सकाळची पॅसेंजर समोरून यायची होती. ते दोघं मोरी ओलांडून पुढच्या वळणाशी आले. चावीवाल्यानं एका सांध्याजवळ टिचकी मारली, दुसरी मारली, पुढे सरला.

तिनं दोरी ओढली.

तो परत आला. चावी हलवून बघितली. घट्ट होती. शेजारच्या तीनही बघितल्या. घट्ट. "काही नाही. चल."

"परत मारा."

त्यानं मारली. आवाज ठण्ण नव्हता आणि ठक्कही नव्हता. तडा गेलेल्या मडक्यावर बोटानं वाजवावं तसा, पसरट, मध्येच मेलेला.

"चावीचं नाही," ती म्हणाली. "रूळच बरोबर बोलत नाही."

"काय?"

"रूळ! रूळ बरोबर नाही!"

चावीवाल्याचा चेहरा बदलला. "रूळ बरोबर नाही? छत्तीस वर्षं मी हा रूळ तुडवतोय आणि तू तीन आठवड्यांत मला शिकवतेस? हाताला कळलं असतं मला. गवत कापायला आलीस ना? गवत काप."

तो तरातरा पुढे गेला. दोरी ताठ झाली. ती रुळाशेजारी खडीवर बसली. दोरीचं टोक तिनं मनगटाला गुंडाळलेलं होतं. त्यानं हिसका दिला. ती तोंडावर पडता पडता सावरली, पण उठली नाही. दुसऱ्या हिसक्यानं मनगट सोललं. तरी बसून राहिली. धुक्यात तो तिला दिसत नव्हता आणि ती त्याला. बराच वेळ दोरी तशीच ताणलेली राहिली. मग सैल पडली आणि खडीवर त्याच्या बुटांचा आवाज जवळ आला.

त्यानं हातोडा खाली ठेवला. गुडघे टेकले, मफलर सोडला आणि सांध्याजवळचं दव पुसायला लागला. रुळाची वरची बाजू पुसली, मग बाजूची. नखानं काळा थर खरवडला. एका ठिकाणी नख अडकलं. त्यानं तोंड अगदी जवळ नेलं. केसाएवढी एक रेघ, जोडपट्टीच्या काठापासून निघून रुळाच्या तळापर्यंत तिरकी गेली होती.

तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. "पॅसेंजर," ती म्हणाली.

एवढं त्याला ओठांवरून कळलं.

पिशवीच्या तळाशी पत्र्याच्या चपट्या डब्या होत्या. धुक्यात गाडी थांबवायला रुळावर बांधायचे ते फटाके. चाक वरून गेलं की फुटतात. त्यानं पिशवी काखेत मारली आणि गाडीच्या दिशेनं मोठ्यानं पावलं मोजत निघाला. ती मागे, दोरी धरून, कान पुढे लावून. सहाशेला थांबून त्यानं एक बांधला. बोटं गारठली होती, पत्र्याच्या पट्ट्या रुळाभोवती वळेनात. तिनं त्याचे हात आपल्या काखेत धरले, मिनिटभर, मग सोडले. पट्ट्या वळल्या. पुन्हा मोजत निघाले. बाराशेला आणखी दोन, थोड्या थोड्या अंतरावर. मग लाल झेंडी उघडून तो लाइनीच्या कडेला उभा राहिला.

"काही येतं का?" तो दर थोड्या वेळानं विचारी. ती नकारार्थी मान हलवी.

गाडी उशिरा होती. उभं राहून पाय बधिर झाले. मग कधीतरी रुळात बारीकशी सळसळ आली, अळूच्या पानावरून पाणी जावं तशी. तिनं दोरी दोनदा ओढली. दोघं मागे सरकले. धुक्यात आधी पिवळा डाग दिसला, मग एक धडाका झाला, दुसरा झाला. ब्रेकांचा चिरका आवाज आला आणि इंजिन त्यांच्यासमोरून सरकत, धापा टाकत, पुढे जाऊन थांबलं. तडा अजून बराच पुढे होता.

ड्रायव्हर खाली उतरला तो करवादतच. "आधीच पन्नास मिनिटं लेट आहे! काय झालं?" डब्यांच्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी विचारलं, स्टेशन आलं का. कुणी म्हणालं, या लाइनीचं हे रोजचंच. एका बाईनं चहा मिळेल का विचारलं. चावीवाला ड्रायव्हरला तडा दाखवायला घेऊन गेला. परत आला तेव्हा ड्रायव्हरचा आवाज उतरला होता. त्यानं चावीवाल्याला बिडी देऊ केली. दोन तासांनी मुकादम गँग घेऊन आला, तड्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळल्या आणि गाडी माणसाच्या चालीनं त्यावरून पुढे काढली. चावीवालीण तोवर खरंच गवत कापत होती, काहीतरी करायला हवं म्हणून. दोरी तिनं भाऱ्याला बांधून टाकली.

गावात चावीवाल्याचं नाव झालं. केबिनवाला जिना उतरून खाली येऊन हात मिळवून गेला. मुकादमानं रिपोर्ट लिहून पाठवला. आठ दिवसांनी साहेब स्वतः येऊन प्रशस्तिपत्र देणार असं ठरलं.

ते आठ दिवस चावीवाल्याला जेवण जात नव्हतं. ताटातलं निम्मं तसंच राही. चौथ्या दिवशी तिनं त्याच्यासमोर बसून सांगितलं, "मी कुणाला काही बोललेले नाही. बोलणारही नाही."

"माहीत आहे."

"दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. मी आहे ना मागे."

तो हातातला घास बोटांनी नुसता फिरवत राहिला. "त्या दिवशी तू बसून राहिली नसतीस तर मी पुढे गेलो असतो," तो म्हणाला. "मी पुढे गेलोच होतो."

ती म्हणाली, "आलात ना मागे."

हे त्याला ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

कार्यक्रम स्टेशनसमोर, त्या रंगवलेल्या जुन्या इंजिनाशेजारी होता. चार खुर्च्या, एक टेबल, टेबलावर फुलदाणी. गँगची माणसं एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. धुकं विरळ झालं होतं आणि ऊन पिवळट दिसत होतं. चावीवाल्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याला टेबलाशेजारी उभं केलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू होतं जे ऐकू न येणारी माणसं वापरतात, सगळ्याला चालणारं.

साहेब चांगला माणूस होता, पण बोले हळू, मिशीतल्या मिशीत. त्यांनी कागद वाचायला घेतला. दाट धुकं, अपुरा प्रकाश, कर्तव्यनिष्ठा. मग म्हणाले, "अशा परिस्थितीत चावीवाल्याच्या तल्लख कानांमुळे हा तडा वेळेत लक्षात आला."

टाळ्या झाल्या. चावीवालिणीनं खाली बघितलं. मुकादमानं आपल्या नव्या बुटांकडे बघितलं. चावीवाल्यानं टाळ्या बघितल्या, साहेबांच्या मिशीकडे बघितलं आणि मग, सगळ्यांच्या डोक्यांवरून, बायकोकडे.

"काय म्हणाले गं?" त्यानं मोठ्यानं विचारलं. ऐकू न येणाऱ्याचा आवाज नेहमीच मोठा. टाळ्या थांबल्या.

ती पुढे आली नाही. तिथूनच हातानं 'चांगलं म्हणाले' अशी खूण केली.

"ते समजलं. काय म्हणाले ते सांग."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं, मालगाडी यावी आता एखादी, लांबलचक, साठ डब्यांची. गाडी काही आली नाही. ती खोटं सांगू शकत होती. मेहनती म्हणाले, इमानी म्हणाले, काहीही. पण तो ओठांवर नजर लावून उभा होता, मोरीपलीकडे रुळाच्या रेघेवर लावली होती तशी, आणि त्या नजरेसमोर तिला खोटं बोलवेना.

"तुमचे कान तल्लख आहेत म्हणाले!" ती ओरडली.

आधी कुणीच हसलं नाही. मग चावीवालाच हसला. खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईतो हसला. बाही डोळ्यांवर फिरवली आणि साहेबांकडे वळला.

"साहेब, मला वर्षभर ऐकू येत नाही. तडा हिनं ऐकला. मी नाही म्हणत होतो. ते कान हिचे आहेत. कागदावर हिचं लिहा, नाहीतर लिहू नका."

साहेब कागद हातात धरून उभे राहिले. मुकादम घसा खाकरत पुढे आला. "साहेब, खरं म्हणजे... आम्हालाही अंदाज होता. मी त्याला बोलवायला हाक मारायचं कधीच सोडलं. जवळ जाऊन बाहीच ओढतो."

"मग सांगितलं का नाही?" साहेब म्हणाले.

"कानाडोळा केला, साहेब," मुकादम म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्यानं जीभ चावली.

ते प्रशस्तिपत्र काही मिळालं नाही. कागद बदलायला वरून मंजुरी लागत होती आणि बाहेरच्या बाईचं नाव त्यात बसत नव्हतं. चावीवाल्याची तपासणी झाली. डॉक्टरनं कानाशी चिमटा वाजवला, मशीन लावलं आणि कागदावर एक ओळ लिहिली. पुढच्या सोमवारपासून हातोडा, पाना, झेंड्या सगळं जमा करायचं होतं. क्वार्टर मात्र निवृत्तीपर्यंत राहणार होतं.

काम मिळालं ते तेच, साहेबांच्या दाराशी. स्टूल.

पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. ती दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. पाठ ताठ होती, पण पावलं त्या रस्त्याची नव्हती; स्लीपरवरून चालणाऱ्याची लांब ढांग गावातल्या रस्त्यावर उगाच मोठी वाटत होती. संध्याकाळी परत आला तो तसाच झोपला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी आला तो दारातूनच हसत.

"काय झालं?"

"साहेब घंटा वाजवतात. मी बसलेलो. साहेब परत वाजवतात. मी आपला बसलेलो. शेवटी साहेब स्वतः उठून बाहेर आले, पाणी प्याले आणि ग्लास पुढे करून मला विचारून गेले, तुला हवं का म्हणून!"

दोघं इतकी हसली की पोर्टरीण बघायला आली. आठवडाभर साहेबांनी घंटा वाजवून बघितली. मग कंटाळले आणि चावीवाल्याला हत्यारांच्या खोलीत पाठवून दिलं. लोकोशेडच्या टोकाला ती खोली. तिथं मोडक्या दांड्यांचे हातोडे, बोथट पहारी, वाकलेले पाने यांचा ढीग पडलेला होता. त्याला तिथं कुणी काही सांगायला नव्हतं आणि ऐकायचंही काही नव्हतं. तो दांडे तासू लागला. गँगची माणसं म्हणू लागली, दांडा हातात धरला की आपोआप बसतो असा हातोडा आधी कधी मिळाला नव्हता.

लाइनीवर नवी चावीवाली आली. तिशीची, दुसऱ्या टोकाकडून बदली होऊन आलेली, उंच, कमी बोलणारी. तिकडे धुकं नसतं. आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तिनं क्वार्टरचं दार वाजवलं. खांद्यावर हातोडा होता, नाकाचा शेंडा लाल झालेला.

"मावशी, मुकादम म्हणाले तुम्हाला विचार." ती थोडी घुटमळली. "मला ते आवाज कळत नाहीत. सगळे सारखेच वाटतात. दोन दिवस याल का बरोबर?"

चावीवालिणीनं मागे वळून बघितलं. चावीवाला दाढी करत होता. त्याला शब्द कळले नव्हते, पण दारातली बाई आणि तिच्या खांद्यावरचा हातोडा त्याला दिसत होता. त्यानं वस्तरा धुतला, तोंड पुसलं आणि आपला जुना स्वेटर खुंटीवरून काढून बायकोच्या हातात दिला.

दोन दिवसांचे आठ झाले. पहिल्या दिवशी नव्या बाईला काहीच कळेना. "हे ठण्ण?" ती विचारी. "छे. नीट ऐक. शेवटी काय म्हणतंय बघ." मोरीपलीकडे रूळ बदललेला होता, नवा, निळसर. त्यावर चावीवालिणीनं स्वतः टिचकी मारली आणि डोळे मिटून उभी राहिली. मग दुसऱ्या रुळावर, जुन्यावर. नवी बाई तिच्याकडे बघत राहिली. "आता तू," चावीवालीण म्हणाली.

आठव्या दिवशी धुकं इतकं होतं की परतायला एक वाजला. केबिनजवळ नवी बाई मुकादमाकडे गेली आणि चावीवालीण एकटी क्वार्टरांकडे वळली. पाय खडीत घासून दुखत होते, पण मन हलकं होतं. आज नव्या बाईनं तीन सैल चाव्या न सांगता ओळखल्या होत्या.

रांगेच्या तोंडाशी, नळाजवळ, धुक्यात कुणीतरी उभं होतं. अंगावर शाल, हातात किल्ली. जवळ गेल्यावर तिला दिसलं, चावीवाला होता. जेवायच्या सुट्टीत घरी आला होता, घर बंद बघून इथं येऊन उभा राहिला होता. किती वेळ, कुणास ठाऊक. शालीवर दव साचलं होतं. तो लाइनीच्या दिशेनं डोळे ताणून बघत होता आणि ती अगदी समोर येईपर्यंत त्याला तिची चाहूल लागली नाही. मग एकदम दचकला. तिचे दोन्ही दंड धरून त्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"इतका उशीर?" तो म्हणाला. आवाज चिडका होता आणि फाटलेला. "साडेदहाला यायचं माणसानं. मी इथं..."

तेवढ्यात मालगाडी आली. तावदानं थडथडू लागली. तो बोलत राहिला, खूप काही, हात हलवून, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. छत्तीस वर्षं ती हेच या नळाशी उभं राहून मनातल्या मनात म्हणत आली होती. गाडी गेली.

तिनं त्याच्या शालीवरचं दव झटकलं आणि ओठ नीट हलवत सांगितलं, "धुकं होतं ना."

"चहा टाकतो," तो म्हणाला आणि कुलूप काढायला पुढे गेला.